चारकोपचा टीव्ही टोरांटोत

चारकोपला सेक्टर दोनमध्ये धोंडू घाडींचं घर विचारलं, तर समोरचा हमखास उलट विचारतो, "कोण, ते वायर कापणारे?" माणसाने उभी हयात वायरी जोडण्यात घालवली आणि नाव पडलं कापणारा. जगाची रीतच आहे ती. दहा हजार घरांत चित्र पोचवलं ते कुणाच्या लक्षात नाही, दहा घरांचं तोडलं ते मात्र तिसऱ्या पिढीलाही पाठ.

धोंडू हे नावही काही हौसेने ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या आधीची दोन पोरं जन्मली आणि सहा महिन्यांच्या आत गेली. तिसऱ्याला गोडगोजिरं नाव ठेवलं तर त्याच्यावरही कुणाची नजर पडायची, म्हणून आजीने धोंडू ठेवलं. धोंड्याला कोण न्यायला येणार! आणि खरंच कुणी आलं नाही. बाप गिरणीत होता, गिरणी संपली, मग धोंडूने रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकून घेतली. चारकोपला बैठ्या घरांचे प्लॉट पडले तेव्हा बायको सुलक्षणाला घेऊन ते इथे आले आणि केबलचा धंदा सुरू केला. पत्र्यांवरून, नारळांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून त्यांनी स्वतः काळी वायर फिरवली. पावसात शॉक खाल्ले, दोनदा पडले, एकदा दात गेला.

या धंद्यात त्यांचा एकच नियम होता: एक कनेक्शन, एक घर. शेजाऱ्याच्या वायरीला चिमटा लावून चित्र ओढणाऱ्याला ते चोर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. सख्ख्या चुलतभावाने असंच ओढलं तेव्हा भर गणपतीत शिडी लावून वायर कापली. आरतीला जमलेली माणसं बघत राहिली. तो भाऊ मरेपर्यंत बोलला नाही, पण धोंडूकाकांना त्याचं काही वाटलं नाही. चोर तो चोर, मग तो घाडी असला म्हणून काय झालं!

आणि याच माणसाने म्हातारपणी आपल्या घरचा टीव्ही चोरून कॅनडाला पाठवला. पोरीपुढे भल्याभल्यांचे नियम वाकतात, हे तर साधे धोंडू होते.

श्रुतिका ही एकुलती एक. लग्न करून हर्षदबरोबर टोरांटोला गेली. तिकडे मराठी मालिका बघायला मिळत नाहीत असं नाही, पण तिला त्या नको होत्या. तिला घरचा टीव्ही हवा होता. म्हणजे काय, तर आई जे बघतेय तेच, तेव्हाच. शिवाय नऊशे दोन नंबरचं लोकल चॅनल, ज्याच्यावर चारकोप मार्केटमधल्या चष्म्याच्या दुकानाची जाहिरात लागते, शाळेचं गॅदरिंग लागतं, आणि गणपतीत प्रत्येक मंडळाची आरती दाखवतात. हे चॅनल काकांनीच सुरू केलेलं. धंदा आता त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राजेशकडे होता, पण चॅनल तसंच चालू होतं.

"बाबा, तुम्ही एवढे केबलवाले, एवढं नाही करता येत?" श्रुतिका फोनवर म्हणाली होती. झालं. धोंडूकाकांनी हर्षदकडून एक डबी मागवली. केबलच्या बॉक्समधून निघालेलं चित्र आधी त्या डबीत जाई, डबीतून घरच्या वायफायवर, तिथून इंटरनेटने थेट श्रुतिकाच्या कॉम्प्युटरवर. डबीपासून एक बारीक वायर निघून तिच्या टोकाला एक डोळा होता, तो काकांनी बॉक्सच्या तोंडावर चिकटपट्टीने चिकटवला. त्या डोळ्यामुळे श्रुतिकाला तिकडे बसून इकडचं चॅनल बदलता येई. बॉक्स एकच, म्हणजे ती लावेल ते घरच्या टीव्हीवरही लागे. ती बघायला आली की डबीवर तांबडा दिवा लागायचा.

हे सगळं राजेशला कळू न देण्याची खबरदारी काकांनी घेतली. एका कनेक्शनवर दुसरं घर, तेही सात समुद्रांपलीकडचं! राजेश काही बोलला नसता, हसला असता फक्त. पण तेच काकांना नको होतं. डबीवर सुलक्षणाने विणलेला रुमाल असायचा.

सुलक्षणाकाकूंची मात्र चैन झाली. संध्याकाळी सात वाजले, तिकडे सकाळ झाली, की त्या भाजी निवडायला घेऊन टीव्हीसमोर बसत आणि रुमालाखाली दिवा दिसला की म्हणत, "इली माझी बाय." मग फोन स्पीकरवर टाकून मायलेकी मालिकेतल्या सासूला शिव्या घालत. काकांना बातम्या बघायच्या असत, पण त्यांनी चॅनल बदललं की टोरांटोहून परत बदलून यायचं. "बघा, पोरगी ऐकत नाही," काकू हसून म्हणायच्या. काका चिडल्याचं दाखवत आणि तिथेच बसून राहत.

श्रुतिकाला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं. तिसऱ्यांदा सातवा लागला तेव्हा तिचं ब्लडप्रेशर चढायला लागलं आणि तिकडच्या डॉक्टरने तिला बिछान्यातून उठायचं नाही असं सांगितलं. विमान तर विचारातही नको. जिवाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, हे हर्षदला वेगळं बोलावून सांगितलं. सकाळ-दुपार ती पडून चारकोपचा टीव्ही बघायची. तेवढाच तिला विरंगुळा होता.

अशातच एका मंगळवारी दुपारी सुलक्षणाकाकू ओट्याशी उभ्या उभ्या कोसळल्या. रिक्षातून नेईपर्यंत संपलं होतं. हॉस्पिटलातल्या बाकावर बसून धोंडूकाकांनी पहिला फोन हर्षदला केला.

"बाबा, आत्ता तिला सांगू नका," हर्षद रडत म्हणाला. "डिलिव्हरी होऊ दे. मी पाया पडतो तुमच्या."

काकांच्या पाया पडायची कुणाला गरज नव्हती. ज्याचं नावच दोन मेलेल्या भावंडांमुळे पडलं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बायको गेली होती. नात किंवा नातू जो कोण असेल तो अजून यायचा होता. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की पोरीला कळू द्यायचं नाही, मग काय वाट्टेल ते होवो.

सहा वाजता काकूंना घरी आणलं. विक्रोळीहून काकांची धाकटी बहीण शकु यायची होती, ती आल्याशिवाय न्यायचं नाही असं ठरलं. हॉलमध्ये टीव्हीच्या खाली जागा होती, तिथे चटईवर ठेवलं. उशाशी दिवा लावला. कुणीतरी टीव्हीचं बटण बंद केलं. बायका भिंतीला टेकून बसल्या, पुरुष दाराबाहेर चपलांत उभे राहिले. शकु आली, वहिनीच्या अंगावर पडून रडली, मग डोळे पुसून कामाला लागली, कारण सवाष्ण गेली होती आणि बरंच करायचं होतं.

सात वाजून पाच मिनिटांनी रुमालाखाली तांबडा दिवा लागला.

टीव्ही बंद होता, पण बॉक्स चालू होता. श्रुतिका आली होती. दिवा एकदा मिचकला, म्हणजे तिने चॅनल बदललं. पुन्हा मिचकला. मग थांबला. मंगळवारी सात वाजता एक विनोदी कार्यक्रम असतो, काकांना माहीत होतं. त्यांचा खिशातला फोन थरथरला. श्रुतिकाने लिहिलं होतं: "आई फोन का नाही उचलत? आज कसले भारी हसवतायत, बघतेय ना ती?" पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेली चार तोंडं. धोंडूकाकांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं: "आई बाजारात गेली."

खोलीत गर्दीने उकाडा झाला होता. एका शेजारणीने टेबलफॅन आणला आणि त्याच्यासाठी म्हणून बॉक्सचा प्लग काढायला हात घातला.

"हात नाही लावायचा!" काका ओरडले. इतक्या जोरात, की रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. "त्याला हात लावाल तर याद राखा."

"दादा, अरे फॅन लावूचो आसा," शकु म्हणाली.

"दुसरीकडे लाव."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखाने म्हातारा भ्रमलाय, असं ठरवून कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. काका बॉक्सजवळ स्टूल ओढून बसले ते काकूंना उचलेपर्यंत तिथून हलले नाहीत. ओटी भरली, कुंकू लावलं, पाया पडायला माणसं वाकून गेली, आणि यांची नजर त्या दिव्यावर. दिवा गेला असता तर पोरीने लगेच फोन केला असता, आणि फोनमध्ये रडणं ऐकू गेलं असतं. साडेआठला दिवा विझला. मग त्यांनी खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाला सांगितलं की देवगडला मामीचा पाय मोडला, आई घाईने माहेरी गेली, आणि तिथे रेंजच्या नावाने बोंब आहे. हे शेवटचं खरं होतं, म्हणून बाकीचं खपून गेलं. "बिचारी आई," श्रुतिका म्हणाली. "बाबा, मग आता तुम्ही तिच्या वाटचं बघा. मालिकेत काय झालं ते ती आली की तिला सांगायला पाहिजे ना."

म्हणजे आता टीव्ही लावायला हवा होता. आमच्याकडे सुतकात तेरा दिवस टीव्ही लावत नाहीत. पडद्यावर कापड घालतात, निदान भिंतीकडे तोंड करून तरी ठेवतात. इथे कोपऱ्यात काकूंच्या फोटोपुढे दिवा जळतोय, आणि समोर सुतकी नवरा संध्याकाळी सात ते साडेआठ मालिका बघतोय. आवाज बंद ठेवला, पण खिडकीतून दिसायचं ते दिसायचंच. समाचाराला आलेली माणसं चहा न घेता उठायला लागली. शकु तेराव्यापर्यंत राहणार होती. तिला सगळं माहीत होतं, तरी तिसऱ्या दिवशी तिचा बांध फुटला.

"घरात सुतक आसा आणि तू टीव्ही लावन बसलंस? लोका काय म्हणतीत?"

"म्हणू देत."

"लोकांचा जावंदे. चेडवाक सांग, दादा. आवस गेली तर लेकीक कळूक नको? रडूचो हक्क आसा तिचो."

"आणि पोटातलं गेलं तर? तेव्हा तू येशील का टोरांटोला?"

शकु आत निघून गेली. काका मालिकेकडे वळले. मालिकेत कोणाचं तरी डोहाळजेवण चाललं होतं. श्रुतिकाचा फोन आला, "बाबा, ती जाऊबाई बघा कशी तोंड करतेय," आणि काकांनी "हो ना, भारीच," असं म्हटलं. फोन ठेवल्यावर ते मोरीत जाऊन नळ सोडून रडले. असं रोज. बायकोसाठी रडायला त्यांना नळाच्या आवाजाएवढीच जागा उरली होती.

बाकी बंदोबस्त त्यांनी चोख केला होता. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ताकीद दिली. श्रुतिकाच्या मैत्रिणींना हर्षदने गाठलं. फोटो कुठेही टाकायचा नाही, कुणी टाकला तर घाडींच्या घराची पायरी चढायची नाही.

सहाव्या दिवशी राजेश भेटायला आला. मोठा झालेला माणूस, दोन गाड्या दारात, पण काकांच्या पायाशी जमिनीवरच बसला. उठताना म्हणाला, "काका, काकींचा एखादा चांगला फोटो द्या ना. दहाव्यापासून लावतो चॅनलवर."

नऊशे दोनवर श्रद्धांजली लावायची पद्धत त्यांनीच पाडली होती. एरियातलं कुणीही गेलं की दहाव्या दिवशी संध्याकाळपासून तेराव्यापर्यंत दर दहा मिनिटांनी त्याचा फोटो, त्याला हार, खाली उत्तरकार्याची जागा आणि वेळ. पैसे घ्यायचे नाहीत. घरातले लाजेकाजेस्तव नको म्हणतात, तरी लावायचं. मागाहून सगळ्यांना बरंच वाटतं, असं ते पोरांना शिकवत. आणि श्रुतिका सव्वासातची जाहिरात लागली की विरंगुळा म्हणून हटकून नऊशे दोनवर येई.

"नको रे राजेश," काका म्हणाले. "फोटोबिटो काही नको."

"असं कसं काका?"

"नको म्हटलं ना. साधंच राहू दे."

खरं कारण सांगितलं असतं तर चार शब्दांत काम होतं. माझी मुलगी तिकडे तुझं चॅनल बघते, एवढंच. ते शब्द त्यांच्या जिभेवर आलेही. पण मग डबी दाखवावी लागली असती, रुमाल उचलावा लागला असता, आणि ज्याने भावाची वायर कापली तो एका कनेक्शनवर दोन घरं चालवतो, हे राजेशला कळलं असतं. बायको जाऊन सहा दिवस झाले होते आणि या माणसाला अजून आपल्या नावाची पडली होती. त्यांनी विषय बदलला. राजेशने मान हलवली आणि जाता जाता शकुआत्याशी दारात दोन मिनिटं बोलला. शकुने डब्यातून एक जुना फोटो काढून दिला. नमस्काराला येणाऱ्यांसाठी मोठा करून आणत असेल, असं तिला वाटलं.

दहाव्याला सकाळी घाट उरकला. कावळा शिवायला दोन तास लागले. सगळे म्हणाले, लेकीत जीव अडकलाय. काकांनी पिंडाला हात जोडून मनात सांगितलं, पोरीचं नीट होईपर्यंत मी सांभाळतो, तू जा. तेव्हा कुठे शिवला.

संध्याकाळी सातला दिवा लागला. मालिका सुरू झाली. सव्वासातला जाहिरात लागली, दिवा मिचकला, आणि नऊशे दोन लागलं. चष्म्याचं दुकान झालं. क्लासची जाहिरात झाली. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर सुलक्षणा आली. बोरिवलीच्या स्टुडिओत काढलेला फोटो, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात चॅनलचा तो ठरलेला झेंडूचा हार. "कै. सौ. सुलक्षणा धोंडू घाडी. आमच्या चॅनलच्या संस्थापकांच्या पत्नी." राजेशने उस्तादाचं शिकवलेलं तंतोतंत पाळलं होतं.

इकडचं चित्र तिकडे पोचायला सहा सेकंद लागतात. हे काकांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच मोजलं होतं. त्यांनी रिमोटवर झडप घातली, पहिल्यांदा हातातून निसटला, उचलून दाबला. बातम्या लागल्या. पण दोन-तीन सेकंदांचं चित्र बॉक्समधून निघून गेलं होतं. ते आता वाटेत होतं, आणि कुठलीही वायर कापून ते परत येणार नव्हतं. काका उभे राहून मनात आकडे मोजत राहिले.

दिवा मिचकला. पुन्हा नऊशे दोन. फोटो अजून होता.

काकांनी बातम्या लावल्या. दिवा मिचकला, नऊशे दोन. काकांनी पुन्हा बदललं. पुन्हा नऊशे दोन. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला. फोटो गेला, मिठाईवाल्याची जाहिरात लागली, आणि चॅनल जागचं हललं नाही. दहा मिनिटांनी फोटो परत आला. आतून शकु आली आणि पडद्याकडे बघून तिने तोंडावर पदर दाबला. कुणी टीव्ही बंद केला नाही. फोटो तीनदा येऊन गेला. मग फोन वाजला.

बाळाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. नववा भरून मुलगी झाली, पावणेतीन किलोची, आई-लेक सुखरूप. दहाव्याच्या त्या संध्याकाळी मात्र ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि काकांनी तसाच फोन कानाला लावला.

"कधी?" श्रुतिकाने विचारलं. आवाज शांत होता.

"आज दहावा."

ती मोजत असावी. "म्हणजे मंगळवार. मी मेसेज केला होता तुम्हाला. आई तेव्हा कुठे होती?"

"इथेच."

"इथे म्हणजे?"

"हॉलमध्ये. टीव्हीच्या खाली."

काका घाबरले. "बाय, तू पडून राहा. हर्षदला बोलव. तुझ्यासाठीच केलं गं सगळं. तुझ्या पोटातल्यासाठी."

"मी हसत होते, बाबा. आई तिथे होती आणि मी तिच्या डोक्यावरचा टीव्ही बघून हसत होते. तुम्ही मला हसवत ठेवलंत."

शकु फोन मागत होती, त्यांनी दिला नाही.

"कुठली साडी नेसवली होती तिला?" श्रुतिकाने विचारलं.

"हिरवी," काका म्हणाले. सवाष्ण गेली म्हणजे हिरवीच असणार.

"कुठली हिरवी? माझ्या लग्नातली? की जांभळ्या काठाची?"

धोंडूकाकांनी डोळे मिटले. त्यांना स्टूल आठवलं, टेबलफॅन आठवला, उशाशी लावलेला दिवा आठवला, रुमालाखालचा तांबडा दिवा तर लख्ख आठवला, कितीदा मिचकला तेसुद्धा. त्याच्या खाली हातभर अंतरावर बत्तीस वर्षांच्या संसारातलं माणूस झोपलेलं होतं. त्याच्या अंगावर काय होतं ते काही केल्या दिसेना.

"शकुला विचारून सांगतो," ते म्हणाले.

"आत्याला?" श्रुतिकाचा आवाज पहिल्यांदा फुटला. "बाबा, तुम्ही तिथेच होतात ना?"